शिबिराचा फलक उतरल्यावर

ग्रामीण भागातील दंतआरोग्य शिबिराचे चित्र एव्हाना ठरून गेले आहे. शाळेच्या पटांगणात मांडव, त्यावर कापडी फलक, पांढरे कोट घातलेले विद्यार्थी, प्लास्टिकचा मोठा जबडा आणि ब्रश वर-खाली कसा फिरवायचा याचे प्रात्यक्षिक. मुलांना टूथपेस्टची छोटी ट्यूब मिळते, पाहुण्यांना नारळ मिळतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. या सगळ्यात वाईट काहीच नाही. मात्र सहा महिन्यांनी त्याच शाळेत जाऊन किती मुले रात्री झोपण्यापूर्वी दात घासतात, ज्यांना दाढ दाखवायला सांगितले होते त्यांपैकी किती जण दवाखान्यात पोहोचले, हे विचारायला सहसा कोणी परत येत नाही. दंतआरोग्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेचे मोल ठरवायचे, तर ते या दुसऱ्या भेटीवरून ठरवावे लागेल.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीचे उदाहरण घ्या. आसपासच्या खेड्यांचे लोक खरेदीला, शाळेला, दवाखान्याला जिथे येतात, असे हे मोठे गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, शिवारात ऊस आणि कापूस. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांबही याच तालुक्यातले. अशा गावात ताप-खोकल्याला डॉक्टर मिळतो, बाळंतपणाची सोय होते. दाढ ठणकू लागली की मात्र लवंगेचे तेल, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी आणि ‘बघू पुढच्या आठवड्यात’ हाच उपचार ठरतो. सरकारी व्यवस्थेत दंतवैद्याची खुर्ची साधारणपणे ग्रामीण रुग्णालयापासून पुढे असते. उपकेंद्रात ती नसते. तालुक्याला किंवा जालन्याला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून माणूस दात हलू लागेपर्यंत किंवा गाल सुजेपर्यंत थांबतो, आणि तोवर दात काढण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते.

थांबण्यामागे समजुतीही आहेत. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो, आणि हा शब्दच घोटाळा करतो. दातात अळी असते ही कल्पना जगभर शेकडो वर्षे टिकून होती. फ्रान्सच्या पिअर फॉशार यांनी १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. आपल्याकडे मात्र धुरी देऊन दातातली ‘कीड’ काढून दाखवणारे अजूनही बाजारात भेटतात. प्रत्यक्षात घडते ते असे. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. साखर किंवा पिठूळ पदार्थ तोंडात आले की हे जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कडक आवरणातील क्षार विरघळवते. लाळ हे नुकसान भरून काढू पाहते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा तास लागतो. दिवसातून दोनदा गोड खाणाऱ्या मुलाच्या दातांना सावरायला वेळ मिळतो. दर तासाला बिस्किट, गोळी किंवा गोड चहा घेणाऱ्याच्या दातांना तो मिळत नाही. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे.

दुसरी समजूत अधिक महागात पडते. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ असे म्हणून लहान मुलांच्या दातांकडे दुर्लक्ष होते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्यामुळे पालकांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची दाढ असते आणि एकदा गेली की पुन्हा येत नाही. चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो आणि पृष्ठभागावरच्या खोल खाचांमुळे कीडही तिलाच लवकर लागते. पहिलीच्या वर्गात केवळ एवढी एक गोष्ट पालकांना आरसा धरून दाखवली, तरी एका दिवसाच्या शिबिराचे सार्थक होईल.

मोठ्या माणसांच्या बाबतीत प्रश्न दातांवर थांबत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, २४.४ टक्के लोक तंबाखू तोंडात धरणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे होते. म्हणजे या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडाचा आहे. चुना-तंबाखूची चिमूट ओठाखाली धरणारा शेतकरी डोळ्यांसमोर चटकन येतो. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावणारी त्याची बायको किंवा आई सहसा येत नाही, कारण तिला आणि घरच्यांनाही ते व्यसन वाटतच नाही. ते ‘दात घासणे’ असते. सकाळी एकदा, दुपारी कामाआधी एकदा, रात्री झोपताना एकदा. दात घासण्याच्या नावाखाली तंबाखू विकला जातो म्हणूनच केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीपर्यंत ती बंदी पोहोचू शकत नाही. तिथे केवळ बोलणे पोहोचू शकते.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि ती कशी पाळली जाते हे सांगण्याची गरज नाही. सुपारीविषयी मात्र सांगावे लागेल. तंबाखू नसलेली, रंगीत पुडीतली सुगंधी सुपारी निरुपद्रवी आहे असे समजून शाळकरी मुलांच्या हाती ती सर्रास दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतःच मानवी कर्करोगाचे कारण असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा पांढुरकी व ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी लांबवू नये. हा ताठरपणा पूर्णपणे मागे फिरत नाही आणि पुढे कर्करोगात बदलण्याचा धोका त्यात असतो.

इतका मोठा प्रश्न आणि समोर एखादी दंतआरोग्य शाखेची विद्यार्थिनी. तिने काय करावे? या व्यवसायाचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. अमेरिकेच्या ब्रिजपोर्ट शहरातील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे व रुग्णांना शिकवण्याचे प्रशिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी पहिली शाळा काढली आणि तिथून शिकून निघालेल्या स्त्रिया पुढे कामाला लागल्या त्या शहरातील शाळांमध्ये. वर्षभर त्याच शाळा, तीच मुले. म्हणजे डेंटल हायजिनिस्ट हा व्यवसाय जन्मापासूनच शाळेशी जोडलेला आहे. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातही या व्यवसायाची व्याख्या आहे: दात साफ करणारी, त्यांना झळाळी देणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती. शिक्षण देणे हे तिचे कायद्याने मानलेले काम आहे. तरीही पाऊणशे वर्षांनंतर हा अभ्यासक्रम शिकणारे थोडे, आणि ज्यांना शाळेत किंवा आरोग्य केंद्रात नेमणूक मिळते ते त्याहून थोडे. परिणामी गावात येणारा पांढरा कोट बहुतेक वेळा दंत महाविद्यालयातील पदवीच्या किंवा आंतरवासितेच्या विद्यार्थ्याचा असतो. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय हे त्याचे मुख्य केंद्र. कोट कोणाचाही असो, काम तेच आहे.

ते काम केवळ भाषण असेल तर त्याचा उपयोग मर्यादित आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. दंतआरोग्य शिक्षणाच्या परिणामांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा गेल्या शतकाच्या अखेरीस घेतला गेला, तेव्हा असे दिसले की शिक्षणाने माहिती वाढते, दातांवरचा थर काही काळ कमी होतो, पण फ्लोराइडचा वापर जोडीला नसेल तर किडलेल्या दातांची संख्या कमी होत नाही. मुलाला ‘दोनदा घासा’ हे पाठ असते. घरी ब्रश पाच जणांत एक असतो किंवा पेस्ट संपलेली असते.

म्हणून काही देशांनी सांगण्याऐवजी करून घेण्यावर भर दिला. स्कॉटलंडमध्ये बालवाडीतच शिक्षिकेच्या देखरेखीखाली रोज फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासून घेतले जातात. लहान मुलांच्या दंतोपचारांवरचा खर्च त्यामुळे इतका घटला की कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी वाचलेली रक्कम त्याच्या वार्षिक खर्चाच्या दुपटीहून अधिक होती. श्रीमंत देशाचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर फिलिपिन्सकडे पाहावे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत साबणाने हात धुणे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी, असा साधा कार्यक्रम राबवला गेला. त्याला दंतवैद्याची खुर्ची लागत नाही. नळ, ब्रश ठेवायला फळी आणि रोजची दहा मिनिटे लागतात. आपल्या अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराआधी हात धुण्याची रांग लागतेच. त्याच रांगेत ब्रश आणता येईल.

तंबाखूच्या बाबतीत तर शिक्षणाचा परिणाम आपल्याच देशात मोजला गेला आहे आणि त्या कामाची मुळे महाराष्ट्रात आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच गटाने पुढे केरळ, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील तीन जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना दरवर्षी भेटून, समोर बसून, त्यांच्या तोंडातील बदल दाखवून समजावले. जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके, रेडिओ होतेच. अनेकांनी तंबाखू सोडला किंवा कमी केला आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे नवे प्रमाण घटले. या कामात ‘दरवर्षी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणूस पहिल्या भेटीत ऐकतो, दुसऱ्या भेटीत वाद घालतो, तिसऱ्या भेटीत विचार करतो.

तपासणीच्या बाबतीतही डॉक्टरच हवा असे नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षण दिलेल्या पदवीधर आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडे पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. विजेरी, आरसा आणि शिकलेली नजर एवढ्यावर हे झाले. दंतशाखेच्या विद्यार्थ्याकडे या तिन्ही गोष्टी असतात.

आता तीर्थपुरीकडे परत येऊन व्यवहाराचे बोलू. पहिली गोष्ट, वीस गावांत एकेकदा जाण्यापेक्षा एका गावात दोन वर्षे जावे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असते. एवढ्या तासांत दोन-तीन शाळा आणि त्यांच्या अंगणवाड्या नीट सांभाळता येतात. पहिल्या भेटीत प्रत्येक मुलाच्या किडलेल्या दातांची नोंद, शिक्षक व अंगणवाडी ताईंना रोजच्या घासण्याची पद्धत शिकवणे, आणि दर सत्रात पुन्हा मोजणी. मोजणीत सुधारणा दिसली नाही तर पद्धत बदलावी. शिबिरांची संख्या वाढवून काही साधत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेची तपासणी जानेवारीत ठेवली तर ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज आहे तीच कोपीवर असतात. आणि ज्या बाया पहाटेच्या थंडीत फडात उतरण्यापूर्वी मिसरी लावतात, त्याही तिथेच. म्हणून मराठवाड्यात दंतआरोग्याचे काम जून ते सप्टेंबरमध्ये व्हायला हवे, आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील टोळ्यांच्या वस्तीवर हंगामातही एक फेरी हवी. तीर्थपुरीच्या परिसरात साखर कारखाना आहे. बाहेरून आलेल्या टोळ्या तिथेही उतरतात.

तिसरी गोष्ट पुढच्या उपचाराची. ‘दवाखान्यात दाखवा’ असे लिहिलेली चिठ्ठी देणे म्हणजे उपचार नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून एकदा शाळा आणि दोनदा अंगणवाड्या तपासतात, आणि त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. तीस वर्षांवरील सर्वांच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. त्यासाठीची माहिती आशाताई घरोघर भरून घेतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत प्राथमिक मौखिक आरोग्यसेवेचा समावेश आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू करून सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत केले. कागदावर काहीच कमी नाही. उणीव आहे ती हे धागे जोडणाऱ्या माणसाची. विद्यार्थ्यांनी शोधलेली नावे आशाताईंच्या वहीत आणि बाल स्वास्थ्य पथकाच्या यादीत गेली, ग्रामीण रुग्णालयाने त्यांच्यासाठी महिन्यातला एक दिवस ठरवून दिला आणि त्या दिवशी मुलांना नेण्यासाठी वाहन मिळाले, तर ती चिठ्ठी खुर्चीपर्यंत पोहोचेल. खुर्ची नसतानाही काही करता येते. यंत्राशिवाय हाताने किडलेला भाग काढून सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. कीड थांबवणारे चांदीयुक्त फ्लोराइड द्रावण आणि ते सिमेंट, दोन्हींचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. या द्रावणाने किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र पालकांना आधी सांगितले पाहिजे. ही कामे दंतवैद्याची आहेत. विद्यार्थ्याने ती त्याच्या देखरेखीखालीच करावीत.

काही मर्यादा कठोरपणे पाळाव्या लागतील. निर्जंतुक केलेली अवजारे पुरेशी नसतील तर मांडवात एकही दात काढू नये. एकाच आरशाने पन्नास तोंडे पाहणे हा आजार वाटण्याचा प्रकार आहे. मुलाच्या किडलेल्या दाताची वर्गासमोर चर्चा नको. मिसरी लावणाऱ्या आजीला चारचौघांत लाजवू नये. ती पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि पाण्याची चौकशी करावी. मराठवाड्यात काही ठिकाणच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते योग्य मानले जाते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग असलेली मुले एकाच वस्तीत जास्त दिसली, तर पाण्याचा नमुना तपासायला द्यावा. पेस्ट मात्र बंद करण्याचे कारण नाही; ती थुंकायची असते, गिळायची नसते.

‘खायला पुरेसे नाही तिथे दातांचे काय घेऊन बसलात’ असा आक्षेप यावर घेतला जातो. दाढ दुखणारे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, वर्गात बसत नाही. हिरड्यांचा आजार असलेल्या मधुमेही माणसाची साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. तोंडाचा कर्करोग तर घरातला कमावता माणूस आणि शेत दोन्ही घेऊन जातो. गरिबाला दातांची चैन परवडत नाही म्हणतात. खरे तर दुर्लक्ष परवडत नाही ते त्यालाच.

स्वयंसेवा व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन निघून जातो, गाव तिथेच राहते. राज्याने प्रत्येक तालुक्यात शाळा व अंगणवाड्यांसाठी एक तरी डेंटल हायजिनिस्ट नेमला, तर दंत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना कामासाठी कायमचा धागा मिळेल आणि हा अभ्यासक्रम निवडणाऱ्या ग्रामीण मुला-मुलींना नोकरीची वाट दिसेल. दंतवैद्यकीय शिक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने नवा आयोग कायदा केला आहे. या सहायक व्यवसायांचा विचार करण्याची हीच वेळ आहे. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. त्याच्या जनऔषधवैद्यक विभागाने आणि संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयाने मिळून घनसावंगीसारखा एक तालुका पाच वर्षांसाठी दत्तक घेतला, तर मोजता येईल असे काहीतरी हाती येईल.

तोवर घरांनी थांबण्याचे कारण नाही. पहिला दात दिसताच घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. रात्रीचे घासणे सकाळपेक्षा महत्त्वाचे, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत किंवा समोर उभे राहून घासून घ्यावेत. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा. दात साफ करून घेतल्याने ते सैल होत नाहीत आणि वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ किंवा कमी उघडणारे तोंड दिसले तर, दुखत नसले तरी दाखवावे. सुरुवातीचा कर्करोग बहुतेकदा दुखत नाही, आणि बरा होण्याची सर्वांत चांगली संधी त्याच काळात असते.